रद्द झालं की पुढे गेलं?

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ठाणे स्थानकात एकच वाक्य दोघांच्या कानावर पडतं: "आज ब्लॉक आहे, गाड्या कॅन्सल आहेत." एकाला दादरला जायचंय, दुसऱ्याला ऐरोलीला. माटुंगा-मुलुंडदरम्यान जलद मार्गावर ब्लॉक असेल, म्हणजे देखभालीसाठी मार्ग बंद असेल, तर दादरवाल्याची जलद गाडी धीम्या मार्गावर वळवलेली असते. ती एरवी न थांबणाऱ्या भांडुप-विक्रोळीला थांबते आणि पंधराएक मिनिटं उशिरा पोचते. पण पोचते. ट्रान्स हार्बरवर, म्हणजे ठाणे-वाशी-नेरूळ पट्ट्यात ब्लॉक असेल तर मात्र नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून दुपारी चारपर्यंत काहीच सुटत नाही. ऐरोलीवाल्याला बाहेर पडून विटाव्यावरून जाणारी बस धरावी लागते. रेल्वेच्या मराठी पत्रकात या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द असतात: "वळवण्यात येतील" आणि "रद्द राहतील". फलाटावर पोचेपर्यंत त्यांचा एकच शब्द झालेला असतो, आणि दादरवाला उगाच घरी परततो.

"कॅन्सल" हा शब्द बोलण्यात आला म्हणून काही बिघडत नाही. "रद्द"सारखाच तोही करणे-होणे लावून मराठीत नांदतो. बिघडतं ते एका शब्दावर सगळं ओझं टाकल्यामुळे. ठरलेली गोष्ट बदलली की ऐकणाऱ्याला लगेच तीन गोष्टी हव्या असतात. ती पुन्हा होणार आहे का? बदल कोणी केला, की आपोआप झाला? आणि गुंतलेले पैसे, घेतलेली रजा, केलेली तयारी यांचं काय? मराठीतले या कामाचे जुने शब्द पाहिले तर प्रत्येकात या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच भरलेली आहेत. शब्द नेमका निवडला की अर्धा निरोप पोचतो.

आधी "रद्द"च घेऊ. शब्द मूळचा अरबी, अर्थ परत फिरवणं, नाकारणं. फारसीच्या वाटेने तो मराठी दफ्तरात आला आणि इथे ठाम झाला. रद्द म्हणजे संपलं. त्या तारखेला नाही आणि दुसऱ्या तारखेलाही नाही. पुन्हा करायचं असेल तर नव्याने ठरवावं लागेल. रद्दी हा त्याच घरातला शब्द, नाकारलेला, कामातून गेलेला कागद. रद्दीत गेलेलं वर्तमानपत्र कोणी पुढच्या रविवारी वाचायला ठेवत नाही, इतकं ते निश्चित. "रद्दबातल" यात तर दोन अरबी शब्द एकमेकांना पक्के करतात. बातल म्हणजे निरर्थक, फोल. म्हणून दस्त किंवा नेमणूक "रद्दबातल" ठरते, सहल कधी रद्दबातल होत नाही. याच घरातली "रदबदली" मात्र मराठीत येऊन फार वेगळ्या वाटेला लागली. हिंदीत "रद्दोबदल" म्हणजे फेरफार. मराठीत रदबदली म्हणजे कोणासाठी तरी मध्ये पडून केलेली विनवणी. रद्द होऊ घातलेलं वाचवायला माणूस जे करतो, त्यालाच तो शब्द चिकटला असावा असं मला वाटतं. ही व्युत्पत्ती नव्हे, नुसती जवळीक.

रद्दच्या उलट टोकाला "तहकूब" आहे. आज हा शब्द लोकांना बातम्यांमधून माहीत असतो, "विधानसभेचं कामकाज दिवसभरासाठी तहकूब." पण ठाणे-नवी मुंबईत त्याची खरी वस्ती गृहनिर्माण सोसायट्यांच्या नोटीस फलकावर आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, सूचना पूर्ण 14 दिवस आधी द्यायची असते, आणि त्या सूचनेच्या तळाशी एक वाक्य ठरलेलं असतं: "गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल." बहुतेक सभासद ते वाचतच नाहीत, आणि त्यातला "तीच" हा शब्द तर कोणीच नाही. सगळं मर्म त्या शब्दात आहे.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, गणसंख्या (सभेला किमान हजर हवी असलेली माणसं) म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यातली कमी असेल ती संख्या. साठ घरांच्या सोसायटीत 20 माणसं हवीत, चोवीस घरांच्या सोसायटीत 16. दिलेल्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहूनही तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते. सूचनेत लिहिलं असेल तर त्याच दिवशी नंतरच्या वेळेला, नाहीतर 7 दिवसांच्या आधी नाही आणि 30 दिवसांच्या नंतर नाही अशा तारखेला. त्या तहकूब सभेला गणसंख्येची अट राहत नाही. आठ माणसं आली तरी कामकाज होतं, ठराव होतात, आणि ते न आलेल्यांनाही बांधतात. मात्र विषयपत्रिका जुनीच राहते, कारण ही नवी सभा नाही, थांबलेली सभा पुढे चालू आहे. "सभा रद्द झाली म्हणे" असं जिन्यात ऐकून वर निघून गेलेल्या सभासदाचं इथेच नुकसान होतं. अर्ध्या तासाने खाली देखभाल शुल्क वाढलेलं असतं, आणि त्याला वाटत राहतं की सभा झालीच नाही. सभा रद्द झाली नव्हती, तहकूब झाली होती. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली विशेष सभा मात्र गणसंख्येअभावी तहकूब होत नाही, ती विसर्जित होते. तिला पुढची वेळ नाही. अर्ध्या तासाने पुन्हा जमून काही उपयोग नाही.

तहकूबचं मूळ अरबी "तवक्कुफ"शी जोडतात, थांबणं, खोळंबणं. शिक्षेच्या बाबतीत ऐकू येणारा "मौकूफ" त्याचा नातलग. थांबण्याचा हा अर्थ न्यायालयानेही नेमका राखला आहे. तिथे सुनावणी तहकूब होते आणि आदेशाला स्थगिती मिळते. तहकुबीचा अर्ज म्हणजे "आज नको, पुढची तारीख द्या" एवढंच, आणि दिवाणी दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. स्थगिती म्हणजे झालेला हुकूम जिवंत आहे पण तूर्त त्याची अंमलबजावणी करायची नाही. "बांधकामाला स्थगिती मिळाली" हे ऐकून "बांधकाम रद्द झालं" म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी तिथे पुन्हा क्रेन पाहून चकित होतो.

सरकारी कागदात आणखी एक शब्द भेटतो, "अधिक्रमित". जुना शासन निर्णय मागे टाकून त्याच विषयावर नवा आला की जुना अधिक्रमित होतो. म्हणजे पोकळी राहिलेली नाही, जागेवर दुसरं काहीतरी बसलेलं आहे. शुद्धिपत्रक आलं तर मूळ निर्णय कायम, त्यातली एखादी ओळ किंवा आकडा बदलला. मुदतवाढ आली तर सगळं तेच, शेवटची तारीख पुढे गेली. "तो जीआर कॅन्सल झाला" असं कोणी सांगितलं की यातलं नेमकं काय झालं ते विचारून घ्यावं, नाहीतर अर्ज भरायचाच राहून जातो.

हे दफ्तरी शब्द झाले. घरच्या मराठीत बेत बदलण्याची शब्दसंपत्ती याहून श्रीमंत आहे, आणि तिची गंमत क्रियापदांत आहे. भेट ठरली होती आणि झाली नाही, तर मराठीत तीन वाक्यं संभवतात: भेट हुकली, भेट टळली, भेट टाळली. पहिल्यात हळहळ आहे. व्हायला हवी होती, थोडक्यात गेली. दुसरीत सुटकेचा श्वास आहे. टळतं ते संकट, टळते ती कटकट, त्यामुळे "आपली भेट टळली" असं कोणी प्रेमाच्या माणसाला म्हणत नाही. तिसरीत फक्त एक काना जास्त आहे आणि त्या कान्याने माणूस उभा केला. टळली म्हणजे आपोआप, टाळली म्हणजे कोणीतरी मुद्दाम. निरोप सांगणाऱ्याने हा काना चुकवला तर दोन घरांत अबोला येऊ शकतो.

अशा जोड्या बऱ्याच आहेत. "तारीख पुढे गेली" यात कर्ता नाही. पाऊस, आजारपण, हॉल न मिळणं, काहीही असेल. "तारीख पुढे ढकलली" यात हात लावणारं कोणीतरी आहे. "बेत फिरला" आणि "बेत फिरवला". "रद्द झालं" आणि "रद्द केलं". आणि मग "बारगळणे". हे क्रियापद मला विशेष आवडतं, कारण त्याला कर्ता देताच येत नाही. "मी बेत बारगळवला" असं कोणी म्हणत नाही. आठ जणांची सहल ठरते, एकाला सुट्टी नाही, दुसऱ्याच्या घरी पाहुणे, खारघरच्या पांडवकड्याकडे पावसाळ्यात जायला मनाई लागलेली, आणि बेत बारगळतो. कोणाला दोष न देता झालेलं सांगायची सोय भाषेनेच करून ठेवली आहे. ती प्रामाणिकपणे वापरावी. स्वतः येत नाही म्हणून सात जणांचा बेत मोडणाऱ्याने "बारगळला" म्हणू नये. त्याने "माझ्यामुळे रद्द करावा लागतोय" असंच म्हणावं.

जुन्या पिढीचा एक शब्द आता क्वचित कानावर येतो, "रहित". "पाऊस फार होता म्हणून जाणं रहित केलं." रद्दचा कडकपणा त्यात नाही. ठरलेली गोष्ट हलकेच बाजूला ठेवली, एवढंच. हा शब्द बोलण्यात परत आला तर मला फार आनंद होईल.

शुभकार्यात शब्द आणखी जपून येतात. दुकान बंद करत नाही तर वाढवतो, बांगडी फुटत नाही तर वाढते, निघताना "जातो" न म्हणता "येतो" म्हणतो. त्याच वळणाने मुंज किंवा वास्तुशांत सहसा रद्द होत नाही. सुतक आलं, घरात आजारपण आलं, तर ती "पुढे ढकलली" म्हणतात, नवा मुहूर्त काढलेला नसला तरी. लग्नाच्या बाबतीत तर फरक जिवावरचा आहे. "लग्न पुढे गेलं" म्हणजे तारीख बदलली. "लग्न मोडलं" म्हणजे सोयरीक संपली. "लग्न कॅन्सल झालं" एवढाच निरोप नातेवाइकांच्या गटावर टाकला तर दोन्ही अर्थ निघतात, आणि लोक नेहमी वाईटच अर्थ आधी धरतात. अशा वेळी पूर्ण वाक्यच हवं: "समारंभाची तारीख बदलली आहे, नवी तारीख कळवू."

तारखा बदलताना घोळ होतो तो बहुधा चार ठिकाणी. पहिलं, "येत्या रविवारी" आणि "पुढच्या रविवारी". बुधवारी बोलताना येता रविवार चार दिवसांवर आहे हे सगळ्यांना मान्य; पुढचा रविवार म्हणजे काहींना तोच आणि काहींना त्यानंतरचा. दुसरं, "मागे घेणे". संप मागे घेतला म्हणजे संप राहिला नाही. पण "सभा मागे घेतली" म्हटल्यावर काहींना वाटतं सभा नाही, काहींना वाटतं तारीख आधीची झाली. आधीची करायची असेल तर "तारीख अलीकडे आणली" म्हणावं, त्यात शंका राहत नाही. तिसरं, "परवा", तो दोन्हीकडे तोंड करून बसलेला शब्द आहे, काल आणि उद्या दोघांच्या पलीकडचा. "परवाचं रद्द आहे" यात क्रियापदावरूनही उलगडा होत नाही. चौथं, मध्यरात्र. रात्री 12.10 ची गाडी शनिवारी रात्री घरून निघून धरायची असली तरी तिच्या तिकिटावर तारीख रविवारची असते. शनिवारची तारीख टाकून तिकीट काढलं तर ती गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. रेल्वेची पत्रकं यासाठी "शनिवार/रविवार मध्यरात्री" असं दोन्ही वार जोडून लिहितात, आणि तेच उत्तम. या चारही घोळांवर एकच औषध: वार आणि तारीख दोन्ही लिहायचे. वार चुकला तर तारीख सावरते, तारीख चुकली तर वार.

आता पैशाचं. "केलं" आणि "झालं" यांतला फरक इथे थेट खिशाला भिडतो. रेल्वेने गाडी रद्द केली तर आरक्षणाचे पूर्ण पैसे परत मिळतात. गाडी तीन तासांहून जास्त उशिराने सुटणार असेल आणि प्रवास करायचा नसेल तरीही पूर्ण मिळतात, पण ऑनलाइन तिकिटासाठी गाडी सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. मागाहून भरलेला उपयोगाचा नाही. प्रवाशाने स्वतः पक्कं तिकीट रद्द केलं तर कपात होते. नोव्हेंबर 2015 पासून लागू झालेल्या नियमांत ती अशी ठरली: 48 तासांहून आधी रद्द केलं तर वर्गानुसार ठरावीक रक्कम, 48 ते 12 तासांत भाड्याच्या 25 टक्के, 12 ते 4 तासांत 50 टक्के, त्यानंतर काहीच परत नाही. या वेळा आणि टक्के रेल्वे अधूनमधून बदलते, म्हणून तिकीट काढतानाच चालू नियम पाहून ठेवावा. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण प्रतीक्षा यादीतच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. खिडकीवर काढलेलं आपोआप होत नाही, ते जाऊन रद्द करावं लागतं. "झालं" आणि "करावं लागतं".

हॉल, बस, जेवणवाला यांच्याकडे दिलेल्या पैशांचीही तीन नावं आहेत आणि तिन्हींची वागणूक वेगळी. अनामत म्हणजे ठेव, हॉलची मोडतोड झाली नाही तर परत यायची. आगाऊ म्हणजे बिलातलाच आधी दिलेला भाग. इसार म्हणजे शब्दाचं तारण. माघार घेणाऱ्याने तो बहुधा गमावायचा. पावतीवर यातला कोणता शब्द आहे ते पैसे देतानाच वाचावं. आणि कार्यक्रम पुढे ढकलायचा असेल तर फोनवर चुकूनही "रद्द करतोय" म्हणू नये. "तारीख बदलतोय, आगाऊ रक्कम नव्या तारखेत वळती करा" असं म्हणावं आणि तेच लेखी मागून घ्यावं. रद्द म्हटलं की समोरचा रद्द करण्याच्या अटी उघडतो, तारीख बदलतोय म्हटलं की डायरी उघडतो.

फोन कोणाला आधी करायचे याचाही क्रम आहे. ज्याचं काम सुरू होऊन थांबवता येत नाही त्याला पहिला. म्हणजे जेवणवाला, मग बस, मग हॉल, मग पाहुणे. पाहुण्यांत बाहेरगावाहून निघणारे आधी. मराठीत "बेत" या शब्दाचे दोन अर्थ आहेत, योजना आणि जेवणातले पदार्थ, आणि ते इथे एकत्र येतात. आदल्या संध्याकाळी डाळ भिजत पडली, भाजी आली, की पानावरचा बेत बदलता येत नाही, मग कार्यक्रमाचा बदलला तरी. म्हणून जेवणवाले दोन दिवस आधी पानांचा आकडा पक्का मागतात.

गटावर टाकायचा निरोप असा असावा:

"रविवार, 14 तारखेची सकाळी 7 ची येऊरची सहल पुढे ढकलली आहे. 14 ला बस येणार नाही. नवी तारीख गुरुवारी रात्री 9 पर्यंत इथेच कळवू. बसची आगाऊ रक्कम नव्या तारखेला वळती होईल. वाचलं की नावासमोर खूण करा."

पाच वाक्यं आहेत. यातलं "14 ला बस येणार नाही" हे वाक्य पुनरुक्ती वाटून लोक गाळतात, आणि नेमकं तेच न वाचलेला माणूस सकाळी पावणेसातला नाक्यावर उभा असतो. "गुरुवारी रात्री 9 पर्यंत" हेही तितकंच गरजेचं. नवी तारीख ठाऊक नसणं समजण्यासारखं आहे, ती कधी कळेल हे मात्र आजच सांगता येतं. ते सांगितलं नाही की गटात "बघू" सुरू होतं.

"बघू" हा शब्द वाईट नाही. मोठ्यांना थेट नाही म्हणणं जड जातं तिथे तो नकाराची धार बोथट करतो, आणि काकांनी "बघू" म्हटलं की घरातल्या मुलांना त्याचा अर्थ बरोबर कळतो. पण आठ जणांच्या गटात एक "बघू" म्हणजे होकार असतो, दुसरं नकार, तिसरं म्हणजे "बाकीचे काय म्हणतात ते पाहून". मग बेत रद्दही होत नाही, पुढेही जात नाही, तहकूबही नाही. त्याला मराठीत नाव आहे, भिजत घोंगडं. घोंगडं भिजलं की जड होतं, लवकर वाळत नाही, पांघरताही येत नाही आणि गुंडाळून ठेवताही येत नाही. बसवाल्याचा फोन येतो तेव्हा कोणाकडेच उत्तर नसतं, आणि तो ती गाडी दुसऱ्याला देऊन टाकतो.